मुंबईचे किल्ले, लेणी आणि रानं पाहायला निघताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत राहणारे आणि बाहेरगावाहून दोन-चार दिवसांसाठी येणारे, दोघेही साधारण तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. तिकिटांचे दर आणि बोटींच्या वेळा बदलत असतात, त्या निघण्याआधी त्या-त्या खात्याकडे तपासून घ्या. बाकीचं मात्र बेताच्या फरकाने वर्षानुवर्षं तसंच आहे.

एका दिवसात कान्हेरी आणि घारापुरी (एलिफंटा) ही दोन्ही लेणी होतील का?

पाय टेकवून यायचं असेल तर होतील. पाहायचं असेल तर नाही. घारापुरीला जायला बोटीने तासभर आणि यायला तासभर लागतो. कान्हेरी बोरिवलीच्या जंगलात, प्रवेशद्वारापासून साधारण सात किलोमीटर आत आहे. माझं सांगणं एकच असतं: एका दिवसाला एक मोठी जागा घ्या आणि तिला जोडून वाटेवरची एखादी छोटी. कान्हेरीला गेलात तर परतताना मंडपेश्वरची लेणी. घारापुरीहून लवकर परतलात तर फोर्टमधला एक फेरफटका. वसईला गेलात तर सोपाऱ्याचा स्तूप. अशा जोड्या लावल्या की लोकलचा प्रवासही एकाच दिशेने होतो.

कोणत्या वारी काय बंद असतं?

सोमवारी संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बंद, त्यामुळे कान्हेरीही बंद. सोमवारीच घारापुरीची लेणीही बंद. भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे तिथलं प्राणिसंग्रहालय, बुधवारी बंद असते. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर ती उघडी राहते आणि दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. वसईचा किल्ला, शीवचा किल्ला, बांद्र्याचा किल्ला यांना वाराचं बंधन नाही. म्हणजे हातात फक्त सोमवार असेल तर वसईला जा.

मुंबईत इतके किल्ले कशाला बांधले?

हे समजलं की पुढचं सगळं पाहणं सोपं होतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आज सलग दिसणारी मुंबई तेव्हा सात बेटांची होती. १६६१ साली पोर्तुगीज राजकन्या कॅथरिन आणि इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यांच्या विवाहाच्या करारात मुंबई इंग्रजांना मिळाली, आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. खाडीच्या पलीकडचं साष्टी बेट, म्हणजे आजचं वांद्र्यापासून वरचं उपनगर, पोर्तुगीजांकडेच राहिलं. ठाणे, वसईही त्यांचंच. म्हणजे आज आपण लोकलने पाच मिनिटांत ओलांडतो ती माहीमची खाडी दोन सत्तांमधली हद्द होती. माहीम, धारावी, शीव, शिवडी हे किल्ले नकाशावर ओळीने जोडून बघा. ती हद्द समोर उभी राहते. सगळ्यांची नजर पाण्यावर आहे, कारण शत्रू येणार तो होडीतूनच.

आणि तो आलाही. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर स्वारी केली, शिवडी, माझगाव, माहीम घेतलं आणि पुढच्या वर्षापर्यंत इंग्रजांना त्यांच्या कोटात कोंडून ठेवलं. पुढे १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतलं. धारावीच्या काळ्या किल्ल्याच्या भिंतीवर बांधकामाचं जे साल कोरलेलं आहे तेही १७३७ च. मराठे साष्टीत उतरले आणि इंग्रजांनी खाडीच्या काठावर दगड रचायला घेतले. १७३९ मध्ये वसई पडल्यावर तर त्यांनी शहराच्या कोटाभोवती खंदक खणायला सुरुवात केली. त्यासाठी इथल्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपये दिले. हा खंदक ‘मराठा खंदक’ म्हणूनच ओळखला गेला.

मग शहरातला कोणता किल्ला पाहू?

पहिल्यांदा जात असाल तर शीव. रेल्वे स्टेशनपासून चालत जाता येतं, टेकडीच्या पायथ्याशी नेहरू उद्यान आहे आणि वर चढायला पंधरा-वीस मिनिटं पुरतात. बांधकाम सतराव्या शतकातलं, गव्हर्नर जेराल्ड आँजियरच्या काळातलं. पडझड बरीच आहे, पण वरून उत्तरेकडे पाहिलं की हद्दीचा किल्ला इथेच का, हे सांगावं लागत नाही.

शिवडीचा किल्ला जास्त शाबूत आहे आणि तिथे गर्दी नसते. बांद्र्याचा किल्ला हा पोर्तुगीजांचा, १६४० चा. आता उरलेत थोडे तट आणि एक बाग, पण संध्याकाळी समुद्रावर वारा खायला मुंबईत याहून चांगली जागा क्वचितच. वरळीचा किल्ला कोळीवाड्याच्या टोकाला आहे. मढचा किल्ला हवाई दलाच्या ताब्यात असल्याने आत सोडत नाहीत, बाहेरूनच पाहावा लागतो.

कान्हेरीला जायचं कसं? तिकीट दोनदा का काढावं लागतं?

बोरिवली स्टेशनच्या पूर्वेला उतरलात की उद्यानाचं मुख्य प्रवेशद्वार चालत किंवा रिक्षाने दहा मिनिटांवर आहे. तिथे वनखात्याचं तिकीट. लेण्यांपाशी पोचल्यावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं तिकीट. जंगल एका खात्याचं आणि लेणी दुसऱ्या, म्हणून दोनदा. पंधरा वर्षांखालच्या मुलांना लेण्यांचं तिकीट लागत नाही.

आतल्या रस्त्यावर उद्यानाची बस असते. भाड्याने सायकलही मिळते. खासगी गाड्या आत सोडण्याचे नियम बदलत आले आहेत, म्हणून गाडीच्या भरवशावर जाऊ नका. पाय चांगले असतील आणि हिवाळा असेल तर सकाळी दार उघडताच आत शिरून चालत जावं. रस्ता डांबरी आहे, दोन्ही बाजूंना झाडी आहे आणि वाटेत पाड्यांवरच्या बायका काकड्या, चिंचा, उन्हाळ्यात करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात. त्यांच्याकडून जरूर घ्या.

तिथे शंभराहून जास्त लेणी आहेत म्हणे. नेमकं काय पाहायचं?

सगळी पाहायची नसतात. बरीचशी भिक्षूंच्या राहण्याच्या खोल्या आहेत: पुढे पडवी, आत दगडी बाक, बाजूला पाण्याची टाकी. अशा चार-पाच नीट पाहिल्या की बाकीच्या समजतात.

सुरुवात तिसऱ्या क्रमांकाच्या चैत्यगृहापासून, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहापासून, करा. कार्ल्याचं चैत्य पाहिलेल्याला रचना ओळखीची वाटेल: दोन बाजूंना खांब, टोकाला स्तूप. इथला शिलालेख यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळातला, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या आसपासचा आहे. पडवीच्या दोन टोकांना सुमारे सात मीटर उंचीच्या बुद्धमूर्ती उभ्या आहेत, त्या काही शतकांनंतरच्या. एकाच दगडात दोन काळ शेजारी उभे आहेत, तिथे थोडा वेळ थांबा.

मग अकरावं लेणं, ज्याला ‘दरबार हॉल’ म्हणतात. लांबच्या लांब दोन बुटके दगडी कट्टे आहेत, त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून भिक्षू वाचत, चर्चा करत असावेत असं पाहताच वाटतं. इथे राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातला, नवव्या शतकातला लेख आहे. पुढे वर चढून एकेचाळिसावं लेणं गाठा: अकरा मुखांचा अवलोकितेश्वर बोधिसत्त्व तिथेच आहे. चौतिसाव्याच्या छतावर रंगाच्या पुसट खुणा आहेत, डोळे अंधाराला सरावले की दिसतात. नव्वदाव्यात पहलवी लिपीतले लेख आहेत. इसवी सन १००९ आणि १०२१ मध्ये इथे येऊन गेलेल्या पारशी लोकांनी आपली नावं कोरून ठेवली आहेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही लोक कान्हेरी ‘पाहायला’ येत होते.

पण मला विचाराल तर कान्हेरीची खरी करामत पाण्याची आहे. लेण्यांच्या माथ्यावर चढा आणि पायाखाली बघत चाला. खडकात बोट-दोन बोटं खोल चऱ्या खोदल्या आहेत. पावसाचं पाणी त्या वाटेने वळतं, लेण्याच्या दर्शनी भागावरून ओघळू न देता बाजूला नेलं जातं आणि दाराशी असलेल्या टाकीत, म्हणजे पोढीत, जमा होतं. जवळजवळ प्रत्येक लेण्याला स्वतःची पोढी. काही पोढ्या दान दिल्याचे लेखच आहेत. देणारे लोक सोपारा, कल्याण, चौल, नाशिक इथले. व्यापाऱ्याने पुण्य म्हणून पाणी दिलं आणि शेकडो माणसं या डोंगरावर आठ महिन्यांचा कोरडा काळ काढू शकली.

आणि याच डोंगरांच्या कुशीत पुढे इंग्रजांनी विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव बांधले. ते दोन्ही आजही मुंबईला पाणी देतात. राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. ते बगीचा नाही, ते आपलं पाणलोट क्षेत्र आहे. तिथलं जंगल तोडायची चर्चा निघते तेव्हा हे आठवावं, असं मला मनापासून वाटतं.

बिबट्या दिसेल का? दिसला तर?

उद्यानात आणि भोवतालच्या भागात बिबटे आहेत, चांगल्या संख्येने आहेत. दिवसा, रस्त्यावर, माणसांच्या वर्दळीत तो दिसण्याची शक्यता फार थोडी. नियम साधे आहेत: अंधार पडण्याआधी बाहेर या, लहान मुलांना मागे-पुढे एकटं सोडू नका, आडवाटेला शिरू नका. समोर आलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं नाही, उभं राहून त्याला निघून जायला वाट द्यायची. शिलोंडासारख्या पायवाटांवर जायचं असेल तर उद्यानाच्या निसर्ग माहिती केंद्राकडून परवानगी घेऊन, त्यांच्या माणसासोबतच जा.

खरा उपद्रव माकडांचा आहे. हातात पिशवी दिसली की ती येतात. खाऊ पाठपिशवीत बंद ठेवा आणि त्यांना काहीही घालू नका.

पावसाळ्यात जावं का?

कान्हेरी पावसाळ्यात फार देखणी होते आणि मघाशी सांगितलेल्या चऱ्यांतून पाणी धावताना पाहायचं तर हाच काळ. पण दोन डोंगरांमधला ओढा अचानक फुगतो. त्यात उतरू नका. शेवाळलेल्या पायऱ्यांवर रबरी चपला घालून तर चढूच नका. पावसाळा सरतासरता उद्यानात कारवीच्या झुडपांचा फुलोरा पाहायला मिळू शकतो, मात्र ती आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ नंतर ती २०२४ मध्ये फुलली होती, त्यामुळे आता थांबावं लागेल.

घारापुरीच्या बोटी खवळलेल्या समुद्रात बंद राहतात, तेव्हा जून ते ऑगस्टमध्ये तो बेत भरवशाचा नाही. वसईच्या किल्ल्यात गवत कमरेपर्यंत वाढतं, साप असतात. तिथे नोव्हेंबरनंतर जा.

घारापुरीला आजी-आजोबांना नेता येईल का?

येईल, पण आधी विचार करून. गेटवेहून बोट निघते. सकाळी नऊच्या सुमाराची पहिली बोट धरली तर ऊन टळतं. बोटीत चढताना-उतरताना हात धरायला माणूस लागतो. जीवरक्षक जॅकेट मागून घ्या आणि पूर्ण प्रवासभर घालून ठेवा. धक्क्यावरून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे. त्यापुढे शंभराहून थोड्या जास्त पायऱ्या आहेत, दोन्ही बाजूंना दुकानं आणि वर ताडपत्रीची सावली. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी खुर्चीची डोली मिळते. भाव आधी ठरवा.

वर गेल्यावर थेट तीन मुखांच्या सदाशिवासमोर जाऊन उभं राहण्याची घाई करू नका. सहाव्या शतकातलं हे लेणं. प्रत्येक भिंतीवर शिवाची एक कथा आहे: कैलास हलवणारा रावण, गंगा झेलणारा शिव, कल्याणसुंदर म्हणजे शिव-पार्वतीचं लग्न, अंधकासुराचा वध, अर्धनारीश्वर. पार्वतीच्या लग्नातली लाजरी मान आणि अंधकवधातला संताप एकाच लेण्यात पाहून झाल्यावर मग मधल्या, जवळपास सहा मीटर उंच मूर्तीसमोर जा. तिचा शांतपणा मग वेगळाच जाणवतो. हे कोणी खोदवलं ते ठामपणे सांगता येत नाही, कारण इथला शिलालेख पोर्तुगीजांनी काढून नेला आणि तो हरवला. कलचुरी राजांकडे अभ्यासकांचा कल आहे.

१९८७ मध्ये ही लेणी जागतिक वारशात आली, पण बेटावरच्या गावांत समुद्राखालच्या केबलने कायमची वीज पोचली ती २०१८ मध्ये.

ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला नाव दिलं तो कुठे आहे?

राणीच्या बागेत. १८६४ मध्ये तो इंग्लंडला न्यायचा प्रयत्न झाला, उचलताना तुटला आणि इथेच राहिला. तुकडे पुन्हा जोडून उभा केलेला हा हत्ती भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूला पाहायला मिळतो. घारापुरी करून आलेल्या मुलांना दुसऱ्या दिवशी तिथे न्याच. संग्रहालय १८७२ चं आहे आणि त्याचं जुनं वैभव जीर्णोद्धारानंतर परत आलं. दुरुस्तीसाठी ते मधूनमधून बंद असतं, तेवढी चौकशी करा.

राणीच्या बागेत बहुतेकजण पेंग्विन पाहून परततात. तिथली झाडं पाहा. दीडशे वर्षांहून जुनी वनस्पती-बाग आहे ती: गोरखचिंच, कैलासपती, आणि फुलली असेल तर उर्वशी. रस्ते सपाट आहेत, चाकाच्या खुर्चीने फिरता येतं. वयस्कांसाठी मुंबईतली सगळ्यात सोयीची जागा हीच.

वसईच्या किल्ल्यात एवढं काय आहे?

नुसता किल्ला म्हणून गेलात तर गोंधळाल. ते तटबंदीतलं एक अख्खं शहर होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशाहाकडून वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि पुढची दोनशे वर्षं इथून उत्तर कोकणचा कारभार चालला. आत चर्चं, मठ, महाविद्यालय, रुग्णालय, श्रीमंतांची घरं होती. आज छपरं नाहीत, कमानी आहेत. त्यांच्यात वडा-पिंपळाची मुळं शिरली आहेत आणि मधून किल्लाबंदरच्या कोळ्यांचा रोजचा रस्ता जातो.

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेहून बस किंवा रिक्षा मिळते. पुढचा क्रम असा ठेवा: आधी जमिनीकडचा दरवाजा, मग सेंट जोसेफ चर्चचा मनोरा, फ्रान्सिस्कन चर्च (तिथे जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवरची पोर्तुगीज अक्षरं अजून वाचता येतात), मग बालेकिल्ला आणि शेवटी समुद्राकडचा दरवाजा. वाटेत गोन्सालो गार्सियांचं चर्च लागतं. ते वसईतच जन्मले, १५९७ मध्ये जपानमधल्या नागासाकीला त्यांना क्रुसावर चढवलं गेलं आणि १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळालं.

चिमाजी अप्पांची मोहीम १७३७ ला सुरू झाली आणि मे १७३९ मध्ये किल्ला पडला. सुरुंग, दलदल, खाडीची भरती-ओहोटी, दोन्हीकडचे हजारो जीव. मराठ्यांच्या इतिहासातली ही अतिशय कठीण लढाई आहे. पण मला तितकंच महत्त्वाचं वाटतं ते तहातलं वागणं: हरलेल्यांना शस्त्रांसह, मानाने निघून जाऊ दिलं आणि जे मागे राहिले त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक दिली. आजची वसई, तिथली ख्रिस्ती गावं, त्यांची मराठी, त्यांची केळीची वाडी, हे सगळं तहातल्या त्या मोकळिकीतून पुढे आलं आहे. नाशिकच्या नारोशंकर मंदिरातली घंटाही या विजयाचीच आठवण मानली जाते. आणि याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. साठ-पासष्ट वर्षांच्या अंतराने झालेल्या या दोन घटना एकाच गावात उभं राहून आठवाव्यात.

परतताना बाजारात सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, मिळाली तर घ्या.

सोपाऱ्याला काय उरलंय?

नालासोपारा पश्चिमेला विटांच्या स्तूपाचे अवशेष आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये तो उकरला. आत मिळालेला करंडक आणि मूर्ती एशियाटिक सोसायटीकडे आहेत, आणि सोपाऱ्यात सापडलेला अशोकाच्या आज्ञालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. जागा लहान आहे, अर्धा तास पुरतो.

फ्लेमिंगो कधी आणि कुठे?

साधारण नोव्हेंबर ते मे, ठाणे खाडीत. संख्या हिवाळा सरताना वाढते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून होडी सुटते, पण तिची वेळ भरतीवर ठरते, घड्याळावर नाही. त्यामुळे आधी नोंदणी करावीच लागते. ही खाडी २०१५ मध्ये अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आली.

हातात फक्त दोन तास आहेत, कुठे जाऊ?

माझगावच्या जोसेफ बॅप्टिस्टा उद्यानात. भंडारवाड्याच्या टेकडीवर, डॉकयार्ड रोड स्टेशनच्या अगदी जवळ. सिद्दीने घेतलेला माझगावचा किल्ला इथेच होता, १६९० मध्ये तो उद्ध्वस्त झाला. वरून गोदी आणि बंदर दिसतं. बाग ज्यांच्या नावाची ते काका बॅप्टिस्टा, टिळकांचे सहकारी आणि नंतर मुंबईचे महापौर.

शीव-धारावीच्या बाजूला असाल तर महाराष्ट्र निसर्ग उद्यान पाहा. ३७ एकरांचं हे दाट रान पूर्वी शहराचा कचरा टाकायची जागा होती, यावर आत शिरल्यावर विश्वास बसत नाही.

फोटो, ड्रोन, लग्नाआधीचं चित्रीकरण?

मोबाइलवर फोटो काढायला हरकत नाही. तिपाई, ड्रोन, व्यावसायिक चित्रीकरण यांना परवानगी लागते. भिंतीवर नाव कोरणं हा गुन्हा आहे: संरक्षित स्मारकाची नासधूस केल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलांना हे आधीच सांगून ठेवा.

एक विनंती. या सगळ्या जागांच्या आत किंवा लगत लोक राहतात: उद्यानात आदिवासी पाडे, वरळी-वसईला कोळी, घारापुरीला तीन गावं. त्यांच्या अंगणात न विचारता शिरू नका, वाळत घातलेल्या मासळीजवळ उभं राहून नाक मुरडू नका, विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

मुंबईहून खांदेरीला एका दिवसात जाऊन येता येतं का?

हो, हिवाळ्यात. २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात खांदेरी आहे, त्यामुळे हा प्रश्न आता वारंवार येतो. गेटवेहून किंवा भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला बोट, तिथून गाडीने अलिबागच्या अलीकडचं थळ. थळच्या कोळ्यांशी बोलून होडी ठरवावी लागते, आणि जायची-यायची वेळ तेच सांगतील तीच. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी हे बेट बांधायला घेतलं तेव्हा इंग्रज आरमाराने अडवून पाहिलं. मायनाक भंडारी यांच्या लोकांनी लहान, उथळ पाण्यात चालणाऱ्या होड्यांमधून रात्री सामान पोचवत काम चालू ठेवलं. बेटावर दीपगृह आहे, वेताळाचं देऊळ आहे आणि ठोकल्यावर धातूसारखा आवाज देणारा एक खडक आहे. सावली फारशी नाही. टोपी, दोन लिटर पाणी आणि डबा सोबत न्या, आणि रिकामी बाटली परत आणा.